झाकलेलं ताट

सिहोऱ्यात लग्न असो की तेरवी, स्वयंपाकाला फौजीच असतात. फौजेत बरीच वर्षं लंगरवर जवानांचा स्वयंपाक केला, म्हणून गाव त्यांना फौजी म्हणतं. पंगतीत वाढणाऱ्यांवर ओरडतात, "हळू वाढ ना बे, भात होय तो, माती नाही!" शेवटची पंगत उठली की एक ताट वाढून झाकून ठेवतात. सगळी भांडी घासून झाल्यावर तेच थंड ताट स्वतः जेवतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "राहते गुरुजी, कोणी ना कोणी मागं."

यंदा सव्वीस जानेवारीला दुपारी आमच्या शाळेत युद्धाचा सिनेमा दाखवला. फौजी माझ्या शेजारी बसून कुरकुरत होते, "एवढ्या बर्फात असं उघडं डोकं ठेवते का कोणी?" मग हुकूम आला आणि पडद्यावरचे जवान अर्ध्या जेवणावरून उठून धावले. तिथून फौजी एक शब्द बोलले नाहीत. पुढे लढाईत नायक पडला, बायांनी डोळ्यांना पदर लावला, पोरांनी घोषणा दिल्या. यांचे डोळे कोरडेच होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आमच्यातला बी एक असाच उठला होता. त्याले म्हटलं, दोन घास खाऊन जाय. तो म्हणे, झाकून ठेव दादा, आलोच."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी ठेवलं झाकून, गुरुजी."