रानडुकरावरची वरात

इंजिन गप्प करणं आणि इंजिन दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माझ्या साळ्याच्या वरातीत कळलं. तोवर मी शाळेत बिनधास्त विज्ञान शिकवत होतो.

साळ्याचं नाव विलास. नागपूरकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तेव्हा तिथली चार जाड टायरांची, फटफटीसारख्या हँडलची गाडी त्यानं विकत आणली. चामोर्शीकडच्या माझ्या सासुरवाडीत तिला सगळे रानडुक्कर म्हणत. धानाच्या बांध्यांमधून ती धावायचीही तशीच. लग्न ठरल्यावर विलासनं जाहीर केलं, घोडा नको, मी रानडुकरावर बसून जाणार. फक्त तिच्या इंजिनातून टिकटिक ऐकू येत होती. मेकॅनिकनं सांगितलं की व्हॉल्व्हचं टॅपेट ढिलं झालंय, इंजिन थंड असताना पट्टी घालून फट मोजावी लागेल, परवा येऊन करून देतो. वरात उद्या होती.

"मी करतो," मी म्हणालो. (सासुरवाडीत जावयाला कुणी अडवत नाही. ही पद्धत बंद व्हायला हवी.)

मापाची पट्टी नव्हती. मांडवाच्या पताकांचा उरलेला पातळ कागद होता. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात कागदाएवढी फट ठेवतात, इतकं मला ठाऊक होतं. कुठल्या कागदाएवढी, हे ठाऊक नव्हतं. मी स्क्रू आवळला, टिकटिक कमी झाली. आणखी आवळला, आणखी कमी झाली. शेवटी इंजिन इतकं गोड चालू लागलं, की सासऱ्यांनी माझ्याकडे प्रथमच कौतुकानं पाहिलं. फट फारच कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कारण धातू तापला की प्रसरण पावतो. हे मी दरवर्षी मुलांना शिकवायचो. मुलांनाच शिकवायचो.

दुसऱ्या दिवशी बाशिंग बांधलेला विलास रानडुकरावर, पुढे बँड, मागे आम्ही, अशी वरात पलीकडच्या गावात पोचली. मुलीच्या मांडवासमोर इंजिनानं दोन जोरदार बार काढले आणि जीव सोडला. लोकांना वाटलं, फटाके. विलासनं बटण दाबदाब दाबलं, गाडी नुसती खोकली. तिथून मांडव चार पावलांवर होता, पण विलासच्या आत्यानं बजावून ठेवलं होतं की मांडवाच्या दारापर्यंत नवरदेवाचा पाय जमिनीला लागता कामा नये. म्हणून तो बसून राहिला. माझ्यावरच्या रागानं त्याचं तोंड असं काही फुगलं होतं, की मुलीकडच्यांचा निष्कर्ष निघाला: नवरदेव रुसला.

मुलीचे काका हळूच माझ्याजवळ आले. मी इंजिनात डोकं घालून होतो.

"पावने, आमचे जवाईबापू काऊन उतरून नाई राह्यले? काय पाह्यजे त्याईले?"

बँडच्या गोंगाटात मला फक्त 'काय' ऐकू आलं. मी म्हणालो, "टॅपेट."

काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि ते गेले. मांडवात बातमी पोचली ती अशी, की नवरदेवाला गाणी वाजवायचा टेप पाहिजे. आम्ही हुंड्यात सुपारीसुद्धा घेणार नाही, असं माझे सासरे गावभर सांगत फिरले होते. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी टेलरच्या दुकानातला टेप उसना आणायला माणूस पिटाळला. हा आळ सासऱ्यांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि वरात परत न्यायची भाषा सुरू केली. आता मला स्क्रूसुद्धा दिसेना.

तेवढ्यात नवरी, वर्षा, मुंडावळ्यांसकट स्वतः बाहेर आली. बँड आपोआप थांबला.

"टेपासाठी बसून राह्यले का तुमी?" तिनं विलासला विचारलं. "तसं असन तर टेपासंगच लगन लावा. मले नाई पाह्यजे असा नवरा."

"कोनता टेप?" विलास म्हणाला.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी कोपरापर्यंत काळ्या हातांनी उभा राहिलो आणि अख्ख्या वऱ्हाडाला धातूंचं प्रसरण समजावून सांगितलं. (उदाहरणासह.) वर्षानं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुमचे भाऊजी होत?" तिनं विचारलं.

"होत," विलासनं कबूल केलं.

तिला हसू आवरेना. "मंग तुमची काई चूक नाई. उतरा."

आत्या ओरडेपर्यंत विलासनं उडी मारली होती. लग्न लागलं. टेलर टेप घेऊन पोचला तेव्हा जेवणं चालू होती. त्यालाही बसवलं.

पुढल्या उन्हाळ्यात धाकट्या साळीचं लग्न ठरवायला पाहुणे आले. चहा झाल्यावर त्यांनी नम्रपणे विचारलं, तुमच्याकडून काही अट? माझी बायको तोवर वर्षभर त्या विषयावर एक शब्द बोलली नव्हती.

"अट एकच," ती म्हणाली. "वरातीच्या दिवशी आमच्या याईले गाडीजवळ जाऊ देऊ नका."

पाहुणे लगेच हो म्हणाले. नवरदेवाच्या बापानं तर मला बसल्या जागी नीट पाहून घेतलं, ओळख पटावी म्हणून.