कमरेला बांधलेला डबा

हसणार नसाल तर सांगतो. छे, तुम्ही हसणारच! तरी ऐका. त्या दिवशी माझ्या बहिणीचं कॉलेज पणाला लागलं होतं आणि माझ्या कमरेला गोडेतेलाचा रिकामा डबा होता.

सुमन माझी धाकटी बहीण. लग्न होऊन सोनपेठला गेली. तिला पुढं शिकायचं होतं. नवऱ्याची ना नव्हती, पण सासूबाई अडून बसल्या होत्या. "परभणीला एकटी पोरगी? काही झालं म्हंजे?"

"मावशी, मी तिथंच शिकतोय. मी सांभाळीन की तिला!"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा सुपारी कातरायला लागल्या. झालं! मी चिडलो. शिकलेला माणूस कसा सांभाळतो ते ह्यांना दाखवायचंच. गोदावरीत नावेतून एक चक्कर!

"पलीकडं काय हाय?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. नुसतं जायचं नि यायचं."

"मग जायचं कशाला?"

असला प्रश्न बीएस्सीच्या एकाही पेपरात आला नव्हता! पण सुमननं गळ घातली आणि मावशी तयार झाल्या.

विहिरीत पोहायला शिकताना पोरं पाठीला बांधतात ना, तसे तोंड पक्कं बंद केलेले चार डबे मी जमवले. प्रत्येकाच्या पाठीला एक! नाववाले किसनमामा कळवळले. "मला कशाला, सायेब? जन्म गेला पाण्यात."

"नियम म्हणजे नियम!"

"रॉकेल इकायला निघालोत का आमी?" मावशी म्हणाल्या. पण बांधून घेतला.

माझा डबा मात्र मी कमरेला बांधला. का? पाठीवर बांधला की हात वर करून बोलता येईना! विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कॉलेजात रोज सभा. चार माणसं दिसली की माझा हात आपोआप वर जायचा.

"सायेब, वर बांधा, खाकंजवळ," किसनमामा म्हणाले. "कमरंला न्हाई बांधत."

"मामा, डबा तरंगतो ना? मग कुठंही बांधा, तरंगणारच. विज्ञान आहे हे!"

नाव काठापासून चार हात गेली असेल नसेल, मी ताडकन उभा राहिलो. हात वर केला. "सर्वांनी नीट ऐका! नावेत कुणीही, कोणत्याही कारणानं, उभं राहायचं नाही!"

"दादा, अरे तूच..." सुमन म्हणाली.

धप्प!

आता काय सांगू तुम्हाला! विज्ञान अगदी खरं ठरलं. डबा तरंगला. डब्याला जे बांधलं होतं तेवढं तरंगलं. बाकी सगळा मी, डोक्यासकट, पाण्याखाली. पाय टेकवावेत म्हटलं तर डबा खाली जाऊ देईना. डोकं वर काढावं म्हटलं तर डबा वर येऊ देईना. नाकातोंडात पाणी, आणि परभणी जिल्ह्यातला एक सुशिक्षित तरुण बूड आभाळाकडं करून गोदावरीत फिरायलाय!

वर सुमनचा आवाज. शांत, बरं का. "आत्याबाई, जागच्या हलू नका. मामा, तुमी तिकडच्या बाजूला सरका, नाव कलंडंल. वल्हं द्या इकडं."

वल्ह्याचं टोक माझ्या हाताला लागलं. मी जीव मुठीत धरावा तसं ते धरलं. तिनं मला नावेशी ओढलं, शर्टाची कॉलर धरून तोंड वर केलं आणि दुसऱ्या हातानं दोरीची गाठ सोडली. डबा सुटून मजेत निघून गेला.

मी उभा राहिलो. पाणी छातीइतकं.

किसनमामा भलतीकडंच बघायले होते. खांदे तेवढे हलायले. मला वाटलं, संपलं सगळं. बुडालं सुमनचं कॉलेज, आणि माझ्यामुळं!

मावशींनी पदर सारखा केला. मग सुमनकडं वळल्या. "लय धीराची हाईस गं तू. जा कॉलेजात. तुझी काळजी न्हाई मला आता."

मला असा आनंद झाला म्हणता! नाकातलं पाणी शिंकरून मी ओरडलो, "मावशी, बेफिकीर राहा! मी रोज तिच्यासोबत..."

"अजाबात न्हाई, पाव्हणं!" मावशी कडाडल्या. "तुमाला सांभाळीत बसली, तर पोरगी अभ्यास कधी करंल?"