आईच्या कोंबडीची दहा अंडी

तीस वर्षं मी उमरखेड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं आणि तीस वर्षं एका शब्दाशी भांडलो. पावर. आमच्याकडे दिवा मंद झाला, पंखा रेंगाळला की व्होल्टेज कमी आहे असं कोणी म्हणत नाही, सगळे म्हणतात, "पावर कमी हाय." पेपरात कोणी तसं लिहिलं की मी सरळ मार्क कापायचो. घरी बायकोलाही सोडलं नाही. ती म्हणायची, "मले काय परीक्षा देयाची हाय काय जी?"

गेल्या हिवाळ्यात बायकोच्या कोंबडीला मुंगसानं नेलं. कोंबडी साधी नव्हती. सासूबाई वारल्या तेव्हा बोरी अरबच्या माहेरघरून बायकोनं दागिना मागितला नाही, भांडं मागितलं नाही, आईची एक कोंबडी तेवढी टोपलीत घालून आणली. मागं राहिलेल्या कोंबड्या साळ्यानं जिवापाड सांभाळल्या, पण उन्हाळ्यात रोग आला आणि त्याचं अंगण साफ झालं. म्हणजे आईच्या हातच्या कोंबड्यांतलं जे काही उरलं होतं, ते आमच्या परसातल्या त्या दहा अंड्यांत होतं. कोंबडी त्यांच्यावर अकरा दिवस बसली होती. उबवायला अजून दहा दिवस पाहिजे होते. बायको अंडी पदरात घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, "आता करा ना काही. एवढे शिकले तुम्ही."

केलं. जुन्या टीव्हीची लाकडी पेटी रिकामी केली, आत पाण्याची वाटी ठेवली, बाजारातून शंभर वॅटची हीटर कॉईल आणि एक थर्मोस्टॅट आणला. साडेसदतीस डिग्री झाली की कॉईल आपोआप बंद, उतरली की चालू. मी भलताच खूश होतो. अंड्यांवर पेन्सिलीनं फुल्या मारून बायको दिवसातून तीनदा ती फिरवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाहतो तर पेटीत तेहतीस डिग्री. माझं डोकंच फिरलं.

"कितीदा सांगतलं, घडीघडी झाकण उघडू नोको म्हणून! सारी गरमी बाहेर जाते!"

"म्या सकाळपासून एकच डाव उघडलं. पावर कमी हाय जी."

"पावर नाही, व्होल्टेज! आन् हे पाय, इथं शंभर वॅट छापलं हाय. शंभर वॅट या एवढ्याशा पेटीले रग्गड झाले."

तिनं पेटीवर गोधडी घातली आणि तिथंच खाली बसली. तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी मल्टीमीटर काढला, खोटं कशाला बोलू.

व्होल्टेज मोजलं. एकशे साठ. हरभरा-गव्हाचे दिवस, शेतांतल्या मोटरी सकाळीच सुरू झालेल्या. मग प्लग काढला, तार मध्ये तोडून मीटर जोडला, प्लग परत लावला आणि करंट मोजला. शून्य पॉइंट तीन अँपिअर. कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. एकशे साठ भागिले पॉइंट तीन, रोध पाचशे तेहतीस ओहम. शंभर वॅटच्या कॉईलला असतो तेवढाच, म्हणजे कॉईल चांगली होती. मग वॅट. एकशे साठ गुणिले पॉइंट तीन.

अठ्ठेचाळीस!

शंभराच्या जागी अठ्ठेचाळीस. छापलेले शंभर वॅट दोनशे तीस व्होल्टवरचे असतात, हे मीच तर पोरांना घोकायला लावायचो. कॉईलचा रोध तोच राहतो, म्हणून व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, आणि पावर म्हणजे त्या दोघांचा गुणाकार. मार दोन्हीकडून बसतो. म्हणजे पेटीत कमी पडत होती ती खरोखर पावरच. ज्या उत्तराचे मी आयुष्यभर मार्क कापले, ते जमिनीवर बसलेल्या माझ्या बायकोनं बरोबर दिलं होतं. लाज वाटली.

"अवं," म्हटलं, "तुहं बरोबर हाय. पावरच कमी हाय. मी उगाच बोललो."

"मंग आता इथं बसून माफी मागता का दुकानात जाता?"

गेलो. तशीच दुसरी कॉईल आणली आणि पहिलीच्या बाजूला समांतर जोडली. पुन्हा मोजलं, पॉइंट सहा अँपिअर, शहाण्णव वॅट. व्होल्टेज परत चढलं तरी थर्मोस्टॅट होताच. दुपारपर्यंत काटा साडेसदतीसवर आला. पण अंडी किती वेळ गार राहिली, त्याचा हिशेब माझ्याकडे नव्हता.

एकविसावा दिवस आला आणि गेला. अंडी दगडासारखी गप्प. बायको नीट जेवली नाही, मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. बाविसाव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होतो, तेवढ्यात तिची हाक आली, "अहो! अहो, या ना लवकर!" एका अंड्याला टवका गेला होता. आतून चिवचिव ऐकू येत होती. दुपारपर्यंत चार पिल्लं बाहेर आली. सहा अंडी तशीच राहिली. मला त्या सहांचं फार लागलं, तिनं मात्र चारांचंच तोंड पाहिलं.

एक ओलं पिल्लू ओंजळीत घेऊन तिनं मला बोरी अरबला फोन लावायला सांगितला. भाऊ "हॅलो" म्हणाला तशी तिनं ओंजळच फोनपाशी नेली. पिल्लू ओरडत होतं.

मग साळ्याचा आवाज आला.

"बाई, अजून एक डाव आयकव."