अठ्ठावन्न किलो

गेल्या महिन्यात एका सकाळी सलूनमधून फोन आला. "अक्का, स्वल्प बेग बन्नी," एवढंच तो न्हावी म्हणाला. जरा लवकर या. मी पोहोचले तेव्हा माझे यजमान खुर्चीतच होते, गळ्याभोवती पांढरं कापड, केस एकाच बाजूचे कापलेले... आयुष्यभर कुठलंही काम अर्धवट न सोडणारा माणूस असा अर्ध्यावर कायमचा निघून गेला. बाहेर त्यांची मोटारसायकल उभी होती. ती त्या दिवशी कुणालाच आठवली नाही.

हे मूळचे निपाणीचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळूरला आले आणि बनशंकरीत आम्ही संसार मांडला. मोटारसायकल लग्नाच्या वर्षीची. "सवत परवडली," असं मी चारचौघांत म्हणायचे आणि हे खूश व्हायचे. तीन वर्षांपूर्वी माझ्या कमरेची चकती सरकली, डॉक्टरांनी दुचाकी बंद करायला सांगितली. सल्ला मला होता, अपमान मात्र गाडीचा झाला. दर शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात लिंबाच्या सालीचे दिवे लावायला आम्ही जोडीने जायचो. आता पुढे ऑटोत मी आणि मागून मोटारसायकलवर हे, अशी वरात निघू लागली. "अहो, ऑटोतच बसा ना," म्हटलं तर म्हणत, "अगं, गाडीला काय वाटेल?" सिग्नलला ऑटोशेजारी येऊन थांबायचे. मला हसू यायचं, आणि त्यांच्या मागची रिकामी सीट बघून वाईटही वाटायचं. मला तिथे बसायचं होतं.

डॉक्टरांच्या मागे लागून लागून वर्षभराने यांनी एक वाक्य मिळवलं: धक्के बसणार नसतील तर जवळपास जायला हरकत नाही. झालं, मागचे जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून नवे, गॅसचे, जाड स्प्रिंगचे बसवायचं ठरलं. जे. पी. नगरचा नागराज मेकॅनिक घरी आला. स्प्रिंगच्या खाली खाचांचं एक कडं असतं, पाना लावून ते फिरवलं की स्प्रिंग घट्ट होते, आणि किती घट्ट ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. "तुझं वजन किती गं?" यांनी विचारलं. नागराज समोर उभा. परक्या माणसासमोर कुठली बाई खरं वजन सांगेल? "अठ्ठावन्न," मी म्हटलं. होतं अडुसष्ट.

मग पंचवीस किलोंच्या दोन तांदळाच्या पिशव्या आणि वर आठ किलो ज्वारीचं पीठ, अशी मी मागच्या सीटवर दोरीने बांधली गेले. हे पुढे बसले, नागराजने टेप लावून गाडी किती दबते ते मोजलं, कडं फिरवलं, पुन्हा मोजलं. तांदूळ घेऊन यांनी दोन फेऱ्याही मारल्या. शेजारच्यांनी विचारलं, किराणा दुकान काढलं का? हे म्हणाले, "नाही, बायकोला फिरवतोय."

शुक्रवारी खरी मी बसले. पहिल्याच गतिरोधकावर मागून ठक्क आवाज आला आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. हे इतके हिरमुसले की देवळात दिवा लावतानाही बोलेनात. पुढचे आठ दिवस नागराजशी भांडण. "माल नकली आहे." "सर, माप तुमच्यासमोर घेतलं." दोघंही खरे होते, खोटी मी होते, आणि मी गप्प बसून कांदा चिरत होते. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी मात्र गाडी लोण्यासारखी गेली. "स्प्रिंग रुळायला वेळ लागतो," हे म्हणाले, आणि मी विश्वास ठेवला. त्यानंतर दोन वर्षं एक शुक्रवार चुकला नाही. एकच बदल झाला. कुठे एकटे जाऊन आले की हे स्वतःच्याच कमरेला बाम चोळत बसायचे. मी म्हणायचे, "वय झालं आता तुमचं."

दिवसकार्य झाल्यावर नागराज सलूनपासून गाडी घेऊन आला. "अक्का, मागची स्प्रिंग सैल करून देऊ? सरांनी अडुसष्टला लावून घेतली होती. आता मागे कोण..."

"अडुसष्ट?"

त्याने जीभ चावली. "दवाखान्याच्या फायलीत बघितलं होतं सरांनी. म्हणाले, अक्कांना कळू द्यायचं नाही." मग सीटवरची धूळ पुसत म्हणाला, "एकट्याला फार धक्के देते ती. मी कितीदा म्हटलं, रोज एकटेच जाता, सैल करू. ते म्हणायचे, ती कधी 'चला' म्हणेल काय सांगावं? तेव्हा पाना शोधत बसू?"

मी त्याला स्प्रिंगला हात लावू दिला नाही.

परवा शुक्रवारी सर्जापूर रोडला राहणारा आमचा मुलगा आला, हौसेने गाडी काढून एक चक्कर मारून आला आणि कंबर धरून उतरला. "आई, हे शॉक बदलायला हवेत. दगड आहेत नुसते."

"तू एकटा आहेस म्हणून," मी म्हटलं. "थांब, लिंबं घेऊन येते."

मागे बसले. कोपऱ्यावर तोच गतिरोधक आला, गाडी जराशी दबली, वर आली. कमरेला कळलंही नाही... मुलगा म्हणाला, "अरे, आता बरी चालतेय की." मला रडू येत होतं, आणि देऊळ येईपर्यंत मी ते येऊ दिलं.