बबनरावांचं ध्यान

बियाण्याच्या धंद्यात गोण्या सीझनला उठतात, किस्से मात्र ऑफिसातच पडून राहतात! नवीन जालन्यातल्या आमच्या ऑफिसात त्यांची थप्पी लागली ती मोबाइल यायच्या आधी, बबनरावांचं बीपी वाढलं त्या उन्हाळ्यात.

बबनराव म्हणजे आमचे जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे सेल्समन. मोटारसायकलवर गावोगाव फिरण्यात त्यांचा सगळा जीव. डॉक्टरांनी बजावलं, "बीपी उतरलं नाही तर फिरती बंद. गोदामात बसायचं!" माणूस पार खचला. आम्हालाही फार वाईट वाटलं. मग साहेबांनी सगळ्यांसाठीच पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. टेन्शन घालवायला आधी ध्यान, मग मेंदूचा व्यायाम!

*

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता सगळ्यांनी ध्यान करायचं."

बबनराव उठून उभे राहिले. "मॅडम, आमची मंडळी मला रोजच म्हणती, काय ध्यान हाय! मंग अजून येगळं काय करायचं?"

*

मेंदूच्या व्यायामात शिकवलं, नाव लक्षात ठेवायचं तर चित्र डोळ्यांपुढे आणा. गायकवाड म्हटलं की गाय.

दुसऱ्या दिवशी हसनाबादच्या दुकानदार गायकवाडांचा फोन. "ओळखलं का?" बबनरावांनी डोळे मिटले, चित्र आणलं आणि म्हणाले, "बोला म्हैसकर शेठ!"

तिकडून फोन आपटला. साहेब तापले, तर बबनराव म्हणतात, "गाय बराबर दिसली हो साहेब, पण काळी दिसली!"

*

आमचे वॉचमन कचरूमामाही क्लासला बसायचे. मॅडमचं एक वाक्य ठरलेलं. "विचार अडवू नका. येऊ द्या, जाऊ द्या."

एक दिवस मालाचा ट्रक गेटपास न दाखवताच निघून गेला! आम्ही ऑटो करून स्टेशनपाशी गाठला, तेव्हा कुठं परत आला.

"मामा, अडवला का नाही?" साहेब ओरडले.

मामा एकदम शांत. "मॅडमच म्हणल्या, अडवायचं न्हाई. आल्ता, गेला!"

त्या दिवशी बबनराव पोट धरधरून हसले. लई दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना, बरं वाटलं.

*

सीझनच्या तोंडावर बीपी तपासायला मी त्यांच्याबरोबर गेल्तो. डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधला.

"बबनराव, नॉर्मल! खुशाल फिरा. त्या क्लासमधलं ध्यान घरी रोज केलं ना?"

"न्हाई साहेब. ध्यानातच राह्यलं न्हाई."

"मग मेंदूचा व्यायाम?"

"त्यो बी न्हाई राह्यला ध्यानात."

"अहो, मग केलं काय?"

बबनरावांनी बाही खाली केली, खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

"टेन्शन घ्यायचं बी ध्यानात न्हाई राह्यलं!"