जोनचा पियानो मी संपवला

लीड्सकर मंडळी, आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

जोन माझी पियानो टीचर, वय अठ्ठ्याऐंशी. केअर होममध्ये जाताना तिने तिचा दोनशे वर्षं जुना पियानो मला दिला. टेबलाएवढा, सगळा लाकडाचा, आवाज अगदी हळू. ती म्हणायची, "एकोणिसाव्या शतकातलं रोमँटिक म्युझिक मोठ्या हॉलमध्ये नाही, अशा घरगुती पियानोंवर सुरू झालं. डावा हात मंद चालू ठेवायचा आणि उजव्याने गायचं." अट एकच होती. त्याचा सूर आजच्या पियानोपेक्षा खाली आहे, तो तसाच ठेवायचा.

मला मात्र घरच्या गणपतीत तो हार्मोनियमबरोबर वाजवायचा होता. पियानो ट्यूनर नको म्हणत होता, तरी हार्मोनियमशी जुळावा म्हणून मीच त्याला तारा ताणून सूर चढवायला लावला.

आज सकाळी आतून मोठा आवाज झाला. तारांच्या ताणाने लाकडी चौकट पिळवटून फुटली होती. रिपेअरवाल्याने फोटो बघून लिहिलं, "सॉरी, यात आता काही उरलं नाही. टेबल म्हणून वापरता येईल."

दुपारी जोनकडे गेले, सगळं सांगायचं ठरवूनच. तिने आधीच विचारलं, "सूर खालीच ठेवलायस ना?"

मी हो म्हणाले.

ती इतकी खूश झाली की म्हणाली, "पुढच्या रविवारी रेकॉर्ड करून आण."

माझ्या डिजिटल पियानोवर वाजवून नेलं तर ती पहिल्याच सुराला ओळखेल. खरं सांगितलं तर मी दर रविवारी भेटायला जाते, त्याची वाट बघायचंही सोडून देईल.

काय नेऊ तिच्याकडे, सांगा.