पाण्यात ठेवायची नाव

हे फॅक्टरीतून रिटायर झाले, पैसे भेटले. मी म्हटलं, स्वयंपाकखोलीवर स्लॅब टाकू. ह्यांनी ग्वारीघाटावर नाव घेतली. जुनी, लाकडाची. म्हणे शीड लावतो, वाऱ्यावर चालवतो. मी चार दिवस बोलली नाई. पाचव्या दिवशी शीड माझ्याच मशीनवर शिवून दिलं, काहून का बाहेरचा शिंपी जास्त मागत होता.

नावेचा खर्च सरतच नाई. आज डांबर, उद्या दोर, परवा फळी. घरावर पत्राच राहिला. उन्हाळ्यात पोळ्या करताना डोकं भणभणायचं. हे विचारायचे, "चलतेस काय?"

"आधी माझ्या डोक्यावर स्लॅब टाका, मग बसते."

बसली नाई. एकदाही नाई. घाटावर फुलवालीच्या बाजूला बसून शीड लहान होताना पाहायची, बस.

हे गेले त्याले तीन वर्षं झाली. मुलगी पुण्याले. मी नाव वरच्या काठावर काढवली, धुतली, पुसली, उलटी करून ताडपत्री टाकली. पितळेची भांडी ठेवतो तशी. मले वाटलं, पाण्यात राहून लाकूड सडते. यंदा ताडपत्री उचलली तर फळ्याफळ्यांतून ऊन दिसून राहिलं.

बाजूचा नाववाला म्हणाला, "अम्मा, नाव सूखी तो समझो गई. इसको पानी में ही रखते हैं."

लाकूड पाणी पिऊन फुगते, तेव्हाच सांधे मिटतात. मले कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना विचारायचं ते राहिले नव्हते.

तो म्हणाला, पाण्यात उतरवून पाहू. गळणं थांबलं तर मी विकत घेतो, नाई तर सरपणात जाईल. मुलगी फोनवर म्हणे, "आई, देऊन टाक ना. काय फायदा झाला त्या नावेचा?"

"काही नाई," मी म्हटलं. खरंच काही नाई झाला.

तेव्हापासून रोज सकाळी ऑटोनं घाटावर जाते. नाव काठाले बांधलेली. तिच्यात बसून तेलाच्या डब्यानं पाणी उपसते. पहिले पाणी गुडघ्याले होतं, मग घोट्याले, मग नुसते तळवे भिजायचे. घरी कोणाशी बोलणं नसते, इथं निदान हात चालू राहतो. बसायची फळी एका बाजूनं ह्यांच्या बसण्यानं घासून गुळगुळीत झाली आहे. दुसऱ्या बाजूनं खडबडीत, जशी आणली तशीच. मी तिथं बसते.

काल गेली तर तळ कोरडा. हात फिरवून पाहिला. कुठूनच पाणी नाई. डबा मांडीवर घेऊन बसली.

नाववाल्यानं त्याच्या नावेतून आवाज दिला, "अम्मा, पानी आ रहा है क्या अभी भी?"

मी पाठ त्याच्याकडे केली. डबा नदीत बुडवला, भरला, नावेत पायाशी ओतला.

"आ रहा है भैया," म्हटलं. "अभी आठ-दस दिन और देखो."

आणि उपसायले लागली.